मुलांना कापडावरची स्टेन्सिल छपाई शिकवताना

कापडावर स्टेन्सिलने छपाई कशी करायची हे मुलांना शिकवायचे असेल, तर रंगाच्या बाटल्या पहिल्या दिवशी कपाटातच ठेवाव्यात आणि मुलांच्या हाती फक्त कागद, पेन्सिल व कात्री द्यावी. गेली काही वर्षे गोव्यातल्या फोंड्याच्या परिसरात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलांचे छपाईवर्ग घेते, आणि त्या अनुभवातून माझे हे मत पक्के झाले आहे. बाजारात प्लास्टिकच्या तयार स्टेन्सिली स्वस्तात मिळतात. त्या कापडावर ठेवून रंग ठोकला की फुलपाखरू उमटते, मूल खूश होते आणि पालकही खूश होतात. पण त्यात मुलाचे स्वतःचे काहीच नसते. आकार ठरवणे, तो कापणे आणि कापताना तो कुठे तुटेल याचा विचार करणे हाच या कलेचा गाभा आहे. रंग लावणे हे त्यामानाने शेवटचे आणि थोड्या वेळाचे काम आहे.

मूळ कल्पना समजावून सांगण्यासाठी फार बोलावे लागत नाही, कारण ती मुलांनी घरात पाहिलेली असते. आजीच्या रांगोळीच्या डब्यातला भोकाभोकांचा छाप मुलांसमोर ठेवावा आणि विचारावे की रांगोळी कुठून खाली पडते व कुठे अडते. स्टेन्सिल म्हणजे तेच: जिथे उघडे आहे तिथून रंग जातो, जिथे झाकलेले आहे तिथे कापड कोरे राहते. दुसरे उदाहरण गोव्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरचे आहे. कावी कलेत चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेला तांबडा थर देतात आणि तो ओलसर असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करतात. तिथे स्टेन्सिलमधून रंग देत नाहीत, पण विचार अगदी जवळचा आहे, कारण दोनच रंग हाताशी असतात आणि काय ठेवायचे व काय काढायचे यावरच सगळे चित्र उभे राहते. अशी भिंत जवळपास असेल तर मुलांना ती आधी दाखवून आणावी. तांबड्यात उमटलेले पांढरे कमळ बघितलेल्या मुलाला ‘कोरी जागा हीसुद्धा आकृतीच असते’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता खरी अडचण. जवळजवळ प्रत्येक मूल पहिल्यांदा आपल्या नावाचे अक्षर कापायला घेते, आणि ज्याचे नाव ‘व’पासून सुरू होते ते लगेच अडकते. माझ्या वर्गात एका आठ वर्षांच्या मुलीने जाड कागदावर ठसठशीत ‘व’ काढला, कडेने नीट कापला आणि कागद उचलला, तेव्हा अक्षराच्या पोटातला गोल तुकडाही त्याबरोबर खाली पडला. रंग लावल्यावर कापडावर ‘व’ न उमटता दांड्याला चिकटलेला एक भरीव गोळा उमटला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘टीचर, ह्याचं पोट कुठे गेलं?’’ त्या प्रश्नाचे उत्तर सांगून न टाकता तिला तो पडलेला तुकडा पुन्हा जागेवर ठेवायला सांगितले आणि तो तिथे कसा टिकेल हे सगळ्या वर्गाला विचारले. एकाने चिकटपट्टी सुचवली, एकाने टाचणी सुचवली, आणि मग एका मुलाने म्हटले की आत जायला वाट ठेवली असती तर तो पडलाच नसता. स्टेन्सिलमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती हीच. आतल्या सुट्या तुकड्याला आम्ही ‘बेट’ म्हणतो आणि त्याला बाहेरच्या कागदाशी जोडणाऱ्या न कापलेल्या पट्टीला ‘पूल’ म्हणतो. मांडवीच्या आणि जुवारीच्या पुलांवरून ये-जा करणाऱ्या मुलांना हे शब्द एकदा सांगितले की पुरतात.

पूल किती रुंद ठेवावा हे मुलाच्या हातावर अवलंबून असते. आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी निदान 5 मिलिमीटर ठेवावा. हात बसलेल्या मोठ्या मुलांना 3 मिलिमीटरही चालतो. एका बेटाला एकच पूल दिला तर ते बिजागरीच्या दारासारखे वर उचलले जाते आणि त्याच्याखाली रंग घुसतो, म्हणून समोरासमोर दोन पूल द्यावेत. अक्षरांपैकी र, त, न, ग यांना पुलाची गरज पडत नाही. व, ब, क, प, म, ष यांना पडते. पूर्ण नाव कापायचे असेल तर शिरोरेखा सलग कापू नये. ती लांब चीर झाली की कागद मधोमध लोंबतो, म्हणून दर अक्षरानंतर शिरोरेखा थोडी तोडावी. पूल छपाईत कोऱ्या रेघेसारखे दिसतात, आणि काही पालकांना ती चूक वाटते. नंतर ब्रशने त्या रेघा भरून देऊ नयेत. मुलाने विचार करून ठेवलेली ती जागा आहे आणि छपाईची ओळखही तीच आहे.

पुलाशिवाय बेट ठेवायचेच असेल तर त्यालाही उपाय आहे. जपानमध्ये कापड छपाईसाठी ज्या कागदी स्टेन्सिली करतात, त्यांना कातागामी म्हणतात. तुतीच्या सालीचा कागद तेंदूच्या जातीतल्या एका फळाच्या रसाने पक्का करून त्यावर अतिशय बारीक नक्षी कापतात, आणि सुटे भाग जागेवर राहावेत म्हणून रेशमाचे धागे किंवा जाळी चिकटवतात. आपण मुलांसाठी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वापरू शकतो. कापलेल्या कागदावर डिंकाने जाळी चिकटवायची, बेट तिच्यावर बसवायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. रंग जाळीतून खाली जातो आणि बेट हलत नाही. दहा वर्षांवरील मुलांना हा प्रयोग फार आवडतो, परंतु पुलांचा सराव झाल्यावरच तो करावा, नाहीतर आकाराचा विचार करण्याचा कंटाळा येऊन मुले प्रत्येक ठिकाणी जाळीच मागतात.

वयाप्रमाणे काम वेगळे द्यावे लागते. पाच ते सात वर्षांच्या मुलांना कापण्याऐवजी झाकण्याचे काम द्यावे. पावसाळ्यात आपल्याकडे चिऱ्यांच्या गडग्यावर आणि विहिरीच्या कडांना नेच्यांची पाने उगवतात. ती जुन्या वर्तमानपत्रात एक रात्र दाबून सपाट केली, कापडावर ठेवली आणि भोवतीने स्पंजने रंग ठोकला की पानाचा पांढरा आकार मागे राहतो. मात्र फणसाचे ताजे पान वापरू नये, कारण देठातल्या चिकाचे डाग कापडावरून जात नाहीत. आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी कागद दुमडून कात्रीने कापावा. दुमडलेल्या बाजूने अर्धे पान, अर्धा मासा, अर्धी समई कापली की उघडल्यावर दोन्ही बाजू सारख्या येतात आणि आकार कागदाच्या मधोमध राहतो. अकरा वर्षांनंतर, आणि तेही मोठे माणूस शेजारी बसलेले असताना, पेपर कटर द्यावा. पाते नवे असावे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की हात घसरतो, त्यामुळे मुलांच्या हातात बोथट पाते नव्यापेक्षा जास्त धोक्याचे असते. पाते स्वतःच्या दिशेने ओढताना दुसरा हात त्याच्या मार्गात येत नाही ना, हे दर वेळी बघावे आणि वळणावर पाते वळवण्याऐवजी कागद फिरवायला शिकवावे.

स्टेन्सिलसाठी सरावाला वह्यांच्या पुठ्ठ्यासारखा जाड कागद पुरतो. त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी लावली किंवा मेणबत्ती घासली तर तो चार-पाच छपाया सहज टिकतो. अधिक वेळा वापरायची असेल तर ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर ठेवायचे पारदर्शक पान) किंवा फाइलचे पारदर्शक प्लास्टिक घ्यावे. खालचे चित्र दिसत असल्यामुळे त्यावर गिरवणेही सोपे जाते. काहीही वापरले तरी आकाराच्या चारही बाजूंना 3 ते 4 सेंटिमीटर कोरी कड ठेवावी, कारण मुलांचा स्पंज आकाराच्या बाहेर जाणारच.

कापड शंभर टक्के सुती घ्यावे. मांजरपाट, म्हणजे न रंगवलेले साधे सुती कापड, सर्वांत उत्तम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरलात तर कापडवाल्याकडे ‘मांजरपाट’ म्हणूनच मागावे. 90 सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटरमध्ये 20 सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात आणि एका वर्गाच्या सरावाला तेवढे पुरतात. कापड आधी गरम पाण्यात साबणाने धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नव्या कापडातली खळ निघाली नाही तर रंग धाग्यात न मुरता खळीवरच बसतो आणि पहिल्याच धुण्यात तिच्याबरोबर निघून जातो. या टप्प्याचा मुलांना कंटाळा येतो, म्हणून तो आदल्या दिवशी आपणच उरकावा.

रंग पाण्यात मिसळणारा, कापडासाठीचा ॲक्रिलिक घ्यावा. फेविक्रिलसारखे रंग गोव्यात कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. लाल, पिवळा, निळा, काळा आणि पांढरा एवढे पाच पुरतात, बाकीचे मुलांनी मिसळून करावेत. कावीचा तांबडा लाल व पिवळ्यात किंचित काळा घालून होतो, आणि तो साधण्यासाठी मुले अर्धा-अर्धा तास वाटीत काडी फिरवतात. अंगणातली तांबडी माती वापरू या का, असे कोणीतरी विचारतेच. मातीचा डाग गणवेशावरून जात नाही हा त्यांचा अनुभव असतो आणि प्रश्न रास्त असतो. त्यांना कारण समजावून सांगावे: मातीचे कण धाग्याला धरून ठेवणारे त्यात काही नसते, म्हणून धुताना ते निघत जातात आणि उरतो तो नुसता डाग, त्याच्या कडा मात्र रेखीव राहत नाहीत. कापडाच्या रंगात ॲक्रिलिकचे बंधक असते, ते वाळून रंगाच्या कणांना धाग्याभोवती पातळ पापुद्र्यात बांधून टाकते.

रंगात पाणी घालू नये. ही एक सूचना पाळली तर निम्म्या चुका टळतात. रंग घट्ट दह्यासारखा असावा. चमचा तिरपा केला तर तो सावकाश सरकला पाहिजे, धावता कामा नये. भांडी घासायचा नवा स्पंज घेऊन त्याचे अंगठ्याएवढे तुकडे कापावेत आणि प्रत्येक रंगाला वेगळा तुकडा द्यावा. टेबलावर वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्या अंथरून त्यांवर कापड ताणून, कडा कागदी चिकटपट्टीने बसवाव्यात, म्हणजे ठोकताना खाली थोडा मऊपणा राहतो. पिशवीवर छापायचे असेल तर आत पुठ्ठा घालायला विसरू नये. मी एकदा विसरले होते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारासाठी मुलांनी पिशव्या छापायला घेतल्या होत्या आणि पहिल्या सहा पिशव्यांच्या मागच्या बाजूलाही फिकट, डागाळलेली फुले उमटली. तेव्हापासून पुठ्ठा घातल्याशिवाय मी मुलांना रंगाची वाटी देत नाही.

आता प्रत्यक्ष ठोकण्याविषयी, आणि इथे घाई करू नये. मुलाने स्पंज चिमटीत धरावा, त्याचे टोक रंगाला जेमतेम लावावे आणि आधी रद्दी कागदावर ठोकावे. ओल्या स्पंजाचा आवाज ‘चप चप’ येतो. रंग कमी होत गेला की आवाज कोरडा होतो, ‘टप टप’ असा. तो कोरडा आवाज आल्यावरच स्पंज कापडाकडे न्यायचा, हा आमच्या वर्गाचा नियम आहे आणि मुले तो एकमेकांनाही ऐकवतात. डाव्या हाताची दोन बोटे आकाराच्या अगदी कडेला ठेवून स्टेन्सिल कापडावर दाबून धरावी, आणि स्पंज सरळ वरून खाली ठोकत कडेकडून मध्याकडे जावे. फासू नये, कारण फासले की स्पंज कडेखाली शिरतो आणि आकाराला मिशा फुटतात. एकदा ठोकून रंग फिकट दिसला तर मूल लगेच वाटीकडे धावते. तिथे त्याचा हात अलगद थांबवून त्याच कोरड्या स्पंजाने आणखी दोनदा ठोकायला सांगावे. रंग कमी आणि ठोके जास्त, यानेच कडा रेखीव येतात.

स्टेन्सिल उचलताना दोन्ही हातांनी, एका बाजूने सुरुवात करून पुस्तकाचे पान उलटावे तशी उचलावी, आणि पुढच्या छपाईआधी तिची खालची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. मूल जी पहिली छपाई करेल ती कागदावर, दुसरी रद्दी कापडावर आणि तिसरी खऱ्या कापडावर असावी. कुठे डाग पडलाच तर तो ओल्या फडक्याने घासू नये, तो पसरतो. वाळल्यावर त्या जागी लहानसे ठिपक्याचे स्टेन्सिल कापून छापावे, आणि मग तसेच ठिपके आणखी चार ठिकाणी द्यावेत. मुलांना ही युक्ती एकदा कळली की डाग पडल्यावर रडू येत नाही.

हात बसल्यावर मी एक काम प्रत्येक वर्गाला देते, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त शिकवणारे काम तेच आहे. पणजीच्या फोंतेन्ह्यांसमध्ये घरांवर अझुलेजो पद्धतीच्या, निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशीवर रंगवलेल्या नावांच्या पाट्या दिसतात. अशा नक्षीदार फरशांत पुष्कळदा एका फरशीवर फुलाचा पावच भाग असतो आणि चार फरश्या फिरवून शेजारी बसवल्या की पूर्ण फूल तयार होते. तेच आपण कापडावर करायचे. 20 सेंटिमीटरचा चौकोन चार घड्या घालून इस्त्री करावा, म्हणजे मधोमध अधिक चिन्हासारखी घडीची खूण पडते. 10 सेंटिमीटरच्या चौकटीत मुलाने पाव फूल काढावे, त्याचा मध्य चौकटीच्या एका कोपऱ्याकडे असावा, आणि त्या कोपऱ्यावर पेनाने ठिपका द्यावा. ठिपक्याच्या दोन बाजू घडीच्या खुणेला बरोबर लागतील अशा कापाव्यात आणि आकार त्यांच्यापासून सेंटिमीटरभर आत असावा. उरलेल्या दोन बाजूंना मात्र नेहमीची रुंद कड ठेवावी. एक पाव छापून झाला की स्टेन्सिल पाव वळसा फिरवायची, ठिपका पुन्हा कापडाच्या मध्यावर आणायचा आणि पुढचा पाव छापायचा. अशा रचनेत स्टेन्सिल शेजारच्या ओल्या छपाईवर येत नाही, म्हणून चारही पाव सलग छापता येतात. अरुंद बाजूंनी स्पंज बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी कागदाची पट्टी टेकवावी. चौथा पाव छापून स्टेन्सिल उचलली जाते तो क्षण बघण्यासारखा असतो, कारण तोपर्यंत पूर्ण फूल कोणीच पाहिलेले नसते, काढणाऱ्या मुलानेही नाही. मग वर्गातले वीस चौकोन शेजारी मांडून शिवले की एक चादर तयार होते.

दोन रंगांची छपाई करायची असेल तर दोन स्टेन्सिली एकाच मापाच्या कापून दोन्हींना सारख्या जागी खाच द्यावी, फिकट रंग आधी छापावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग गडद रंग छापावा.

वाळवण्याच्या बाबतीत गोव्यातल्या हवेचा विचार केलाच पाहिजे. बाटलीवर लिहिलेला वेळ कोरड्या हवेचा असतो. मार्च-एप्रिलमध्ये रंग हाताला तासाभरात सुका लागतो, पण जून ते सप्टेंबर या काळात तो वरून सुका आणि आतून ओला राहतो. एका जुलैमध्ये मुलांना घरी न्यायला सोपे जावे म्हणून मी संध्याकाळी पिशव्या घडी करून एकावर एक ठेवल्या. सकाळी त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि सोडवताना तीन पिशव्यांची नक्षी सोलून निघाली. पावसाळ्यात कापडे पंख्याखाली दोरीवर सुटी टांगावीत आणि निदान 48 तास हात लावू नये. इतर वेळी 24 तास पुरतात.

पूर्ण वाळल्यावर इस्त्री मोठ्या माणसानेच करावी. कापड उलटे करून, वाफ बंद ठेवून, सुती कापडाच्या तापमानावर तीन ते पाच मिनिटे इस्त्री सतत फिरवत राहावे. या उष्णतेने बंधकाचा पापुद्रा पक्का होतो. त्यानंतर आणखी तीन दिवस कापड धुवू नये, आणि पहिल्यांदा धुताना थंड पाणी व साधा साबण वापरून, उलट्या बाजूने, हाताने धुवावे.

स्पंज आणि वाट्या धुण्याआधी त्यांतला उरलेला रंग वर्तमानपत्राला पुसून घ्यावा आणि तो कागद कचऱ्यात टाकावा. ॲक्रिलिक हे शेवटी प्लास्टिकच आहे, म्हणून विहिरीच्या कडेला किंवा व्हाळात (ओढ्यात) हात-वाट्या धुवायला मुलांना पाठवू नये. बादलीत धुवून ते पाणी मोरीत ओतावे. स्पंज लगेच धुतले नाहीत तर दगड होतात. प्लास्टिकच्या स्टेन्सिली ओल्या फडक्याने पुसून, वर्तमानपत्राच्या दोन पानांत सपाट ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर मुलाचे नाव व वर्ष लिहावे, म्हणजे पुढच्या सुट्टीत तेच मूल आले की तीच स्टेन्सिल त्याच्या हाती देऊन पुढचे काम सुरू करता येते.